पडलेल्या माणसाला उचलायचं नाही

त्या दिवशी सर ऑफिसच्या हॉलमध्ये पडले होते. इरफान, श्रावणी आणि मी तिथेच होतो. आम्ही त्यांना उचललं नाही. पाण्याचा जार देणारा माणूस येऊन गेला, त्यानंही उचललं नाही. संध्याकाळी त्यांना दवाखान्यात नेलं. त्यानंतर ते काही महिने जगले.

हे असं लिहायला मला सरांनीच शिकवलं. मी मराठीत एम.ए. केलेली, सकाळी कॉलेजात तासिकांवर शिकवणारी बाई. सरांकडे व्हिडिओ गेमसाठी वाक्यं लिहायला आले तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं, ‘तुझ्या पायातून एक भीषण, असह्य कळ उठते.’ सरांनी ते वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“बाई, तुमचा कधी पाय मोडलाय का?”

“नाही.”

“वाटलंच. ज्याचा मोडतो त्याला भीषण-बिषण सुचत नाही. त्याला एवढंच कळतं की पाय मोडला. तेवढंच लिहा की.”

मी लिहिलं, ‘पाय मोडला आहे.’

“आता दुखलं,” सर म्हणाले आणि आपल्या खुर्चीकडे गेले. जाताना त्यांचा डावा पाय जरा बाहेर फेकला जायचा, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जुळे सोलापुरात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली ब्यूटी पार्लर, वर शिकवणीचे वर्ग. आम्ही बाहेरच्या कंपन्यांची कामं करायचो. त्यांच्या गेमसाठी कधी झाडं करून द्यायची, कधी दगड, कधी नुसतं गवत. इरफान प्रोग्रॅम लिहायचा. श्रावणी चित्रं काढायची. ती भवानी पेठेतल्या विणकरांच्या घरातली. तिची आई विचारायची, दिवसभर तिथं काय काढतेस? ती सांगायची, चादरींची डिझाइनं. खरं म्हणजे ती जखमा काढायची. कारण बाहेरची कामं संपली की आम्ही सरांच्या गेमवर बसायचो.

गेम साधा होता. एक माणूस रानात हरवला आहे. त्यानं पाणी शोधायचं, विस्तव करायचा, जगायचं आणि बाहेर पडायचं. असे गेम पुष्कळ आहेत. त्यात कोपऱ्यात एक लाल पट्टी असते. माणूस कड्यावरून पडला की पट्टी कमी होते, त्यानं चार फळं खाल्ली की ती भरते, आणि तो पुन्हा पळायला लागतो. या पट्टीचा सरांना राग होता. एखाद्याला शेजाऱ्याचा असावा तसा, रोजचा, ताजा राग.

“चार बोरं खाल्ली आणि मांडीचं हाड जुळलं! कुटं असतंय असं?” ते उठून उभे राहत. एरवी त्यांची भाषा ऑफिसची असायची, पण पट्टीचा विषय निघाला की ती केमला, त्यांच्या गावाला, जाऊन पोचायची. “न्हाय जुळत. जुळलं तरी वाकडं जुळतं. मग तो माणूस पुन्हा झाडावर चढत न्हाय. ते दाखवा की!”

त्यांनी पट्टी काढून टाकली. तिच्या जागी खरे मार आणले. आमच्या गेममध्ये पाय मोडला की मोडलेलाच राहायचा. फांद्या आणि वेली शोधून त्याला आधार बांधावा लागे, आणि वाकडा बांधला तर तो वाकडाच जुळे. जखम धुतली नाही तर ती पिकायची, ताप यायचा, पडदा अंधुक व्हायचा. बरगडी मोडली तर ओरडता यायचं नाही. अंथरुणाला फार दिवस खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडतात तशा जखमाही त्यांना हव्या होत्या. श्रावणीनं तेवढ्या एका गोष्टीला नाही म्हटलं.

इरफान म्हणायचा, “सर, कायकू एवढं? लोगां खेळायला येतात, ॲडमिट व्हायला नाही.”

“इरफानशेठ, खेळ तोच आहे. पडल्यावर काय करतो, तो.”

“काय करणार? पडून राहणार.”

“व्हय. तेच.”

एका दुपारी लाईट गेली होती. कॉम्प्युटर बंद, पंखा बंद, आम्ही गॅलरीत बसलो होतो. तेव्हा त्यांनी केमची गोष्ट सांगितली. एकदाच. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते आणि सरांचं लहानपण केम स्टेशनाजवळच्या क्वार्टरमध्ये गेलं. ओढ्याकाठच्या चिंचेवरून ते खाली दगडांवर पडले. डावा पाय मोडला. छातीला मार बसला होता, त्यामुळे हाक मारता येईना. वरच्या बांधावरून एक बाई कडब्याची पेंढी घेऊन चालली होती. ती थांबली, वाकून तिनं खाली पाहिलं, “झोपलंय जणू पोरगं,” असं स्वतःशीच म्हणाली आणि निघून गेली. दिवस मावळायला वडील शोधत आले. पाय गावातच कुणीतरी बसवला, तो तसाच जुळला.

श्रावणी म्हणाली, “काय बाई असेल ती!”

“तिची काय चूक, पोरी?” सर म्हणाले. “लांबून पडलेला आणि झोपलेला सारखाच दिसतो.”

मग लाईट आली आणि आम्ही आत गेलो.

गेममधल्या माणसाची चाल हवी होती तेव्हा श्रावणीनं सरांनाच हॉलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि फोनवर त्याचं चित्रण केलं. त्यावरून तिनं लंगडण्याची हालचाल बांधली. आमच्या गेममध्ये माणसाचा पाय एकदा मोडला की पुढे तो कायम सरांसारखा चालायचा.

आता मुख्य गोष्टीकडे यायला हवं.

सरांना पुस्तकातल्या माहितीवर भरवसा नव्हता. मोडक्या पायाचा माणूस पाण्यापर्यंत किती वेळात सरकेल, हे ते स्वतः करून बघायचे. पायाला झाडूचा दांडा बांधायचा, दारापाशी आडवं व्हायचं आणि स्वयंपाकघरातल्या माठापर्यंत सरपटत जायचं. त्याआधी ते मोठ्यानं म्हणायचे, “घड्याळ लाव.” इरफान फोनवर घड्याळ लावायचा. एकदा ते आडवे झाले की आम्ही त्यांना हात लावायचा नाही, बोलायचं नाही, विचारायचं नाही. वाटेत आले तर वळसा घालून जायचं. “रानात कोणी न्हाय,” ते म्हणायचे. “तुम्ही झाडं आहात.” सुरुवातीला श्रावणीनं एकदा न राहवून त्यांना उठायला हात दिला, तर ते दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पुढे आम्हाला सवय झाली. कोणी आलं-गेलं तर आम्हीच सांगायचो, सर पडलेत, चालू द्या.

जार देणारा माणूस पहिल्यांदा आला तेव्हा सरांना फरशीवर बघून त्यानं खांद्यावरचा जार टाकून दिला होता. सगळा हॉल भिजला. नंतर तोही रुळला. दारातूनच विचारायचा, “आज साहेब कुटं मोडलेत?” सर पडल्या पडल्या बोटानं दाखवायचे.

एकदा तर दांडा बांधलेल्या पायानं ते सरळ खाली उतरले आणि शेअर रिक्षात बसून घरी गेले. रिक्षात एकानं जागा दिली, एकीनं तेल सुचवलं, एकानं हाड बसवणाऱ्याचा पत्ता सांगितला, आणि रिक्षावाल्यानं रिक्षा थांबवून आपला स्वतःचा मोडलेला हात दाखवला. दुसऱ्या दिवशी सर रागावलेले आले. “एक माणूस गप्प बसला नाही. सोलापुरात माणसाला नीट जखमीसुद्धा होता येत नाही.” त्याच दिवशी त्यांनी गेममधलं सगळं संगीत काढून टाकलं. पडल्यावर फक्त वारा आणि स्वतःचा श्वास ऐकू येऊ लागला.

बंगळूरच्या एका कंपनीला आमचा गेम आवडला होता. त्यांच्याकडचा एक मुलगा व्हिडिओ कॉलवर सरांशी बोलायचा. फार नम्र होता. तो म्हणाला, सगळं छान आहे, फक्त या दुखापती बंद करायचं एक बटण ठेवा, ज्याला नको तो बंद करील.

“ठेवतो की,” सर म्हणाले. “आधी मला एक द्या.” आणि त्यांनी कॅमेऱ्यासमोर आपला डावा पाय धरला.

तो मुलगा हसला. त्याला तो विनोद वाटला. सरांनी कॉल बंद केला आणि पुन्हा लावला नाही.

माझं आणि सरांचं भांडण एकदाच झालं. डोक्याला मार बसल्यावर काय व्हावं, यावरून. आमच्या गेममध्ये प्रत्येक वस्तूजवळ गेलं की तिचं नाव दिसायचं. झाड, पाणी, विस्तव. सरांची कल्पना अशी की डोक्याला मार लागला की नावं जातील आणि सगळीकडे नुसतं ‘ते’ दिसेल. झाडावर ‘ते’, पाण्यावर ‘ते’, विषारी फळावरही ‘ते’. कल्पना मला आवडली आणि मी ती मन लावून लिहिली. पण नावं परत कधी येणार, असं विचारल्यावर सर म्हणाले, “येणार न्हाईत.”

“कधीच?”

“काहींची येत न्हाईत, बाई.”

मी वाद घातला. मोडका पाय घेऊन माणूस जगेल, एका हातानंही जगेल, पण शब्द गेलेला माणूस कशावर जगेल? मी माझ्यासाठी बोलत होते. मला दुसरं काही येत नाही. शेवटी मी म्हटलं, शब्द परत येणार नसतील तर मीही उद्यापासून येणार नाही.

 तिसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलाशी आले. “घ्या तुमचे शब्द परत. पण हळूहळू. एकेक. आधी पाणी.” मी तसं लिहिलं. माणूस निजून उठला की पाण्याचं नाव परत यायचं, मग विस्तवाचं, मग झाडांची, आणि सगळ्यात शेवटी त्याचं स्वतःचं. सरांच्या गेममध्ये पूर्ण बरी होणारी ती एकच जखम होती.

त्या दिवशी मी कॉलेज उरकून दुपारी ऑफिसात गेले. सर खिडकीखाली कुशीवर पडलेले होते. एक चप्पल पायात, एक बाजूला. इरफान आणि श्रावणी कानाला हेडफोन लावून आपापल्या पडद्याकडे बघत होते. मी वळसा घालून माझ्या जागेवर गेले. पायाला दांडा नव्हता. आज कंबर असेल, असं मला वाटलं.

थोड्या वेळानं वहिनींचा फोन आला. सरांच्या पत्नी. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात.

“हे फोन का उचलत नाहीत?”

“वहिनी, ते पडलेत.”

“परत? आज काय मोडलंय?”

“कळत नाही. बोलत नाहीत.”

“तेवढीच शांतता तुम्हाला,” त्या हसल्या. “उठले की सांगा, बीपीची गोळी घरीच विसरलेत.”

मग जार देणारा आला. त्यानं जार ठेवला, रिकामा उचलला आणि जाता जाता सरांकडे वाकून पाहिलं.

“आज लई भारी पडलेत साहेब. तोंड बी वाकडं केलंय.”

आम्ही हसलो. मीही हसले.

श्रावणी पाणी प्यायला उठली. येताना सरांपाशी थांबली आणि इरफानला म्हणाली, “किती झाले रे? आज सरकलेच नाहीत.”

इरफाननं हेडफोन काढला. “काय किती?”

“घड्याळ.”

“मी नाही लावलं.” त्यानं माझ्याकडे पाहिलं. “ताई, तुम्हाला सांगितलं का लावायला? मला नाही बोलले ते.”

कोणालाच सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, किती वाजता झालं? मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, पण ते ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं, आणि त्यासाठी माणूस कधी पडला हे माहीत असावं लागतं. सकाळी चहाच्या वेळी सर बोलत होते, एवढं इरफानला आठवत होतं. त्यानंतर केव्हा, ते आम्हा तिघांपैकी कोणालाही सांगता आलं नाही. सरांची प्रत्येक खोटी पडझड आमच्याकडे सेकंदासकट मोजलेली होती. डॉक्टर म्हणाले, चहाची वेळ धरली तर आता उशीर झालाय. 

सरांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घरी आणल्यावर त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. ते. पाणी हवं असलं तरी ‘ते’, खिडकी उघडायची असली तरी ‘ते’, वहिनींना हाक मारायची तरी ‘ते’. मी पहिल्यांदा ऐकलं आणि बाहेर जाऊन जिन्यात उभी राहिले.

वहिनी माझ्या मागोमाग आल्या. त्यांनी आमचा गेम पाहिलेला होता.

“तुम्ही ते लिहिलंय ना? शब्द परत येतात म्हणून?”

“हो.”

“येतात ना?”

“येतात,” मी म्हटलं. “आधी पाणी.”

वहिनींनी त्याच संध्याकाळी पुठ्ठे कापले. पहिलीच्या वर्गात लावतात तशा ठळक अक्षरांच्या पाट्या करून त्यांनी सगळ्या घरात लावल्या. दार, खिडकी, पंखा, खुर्ची, भिंतीवरच्या फोटोखाली बुद्ध, आणि तांब्यावर पाणी. तांब्यावरची पाटी भिजून निघायची, त्या पुन्हा नवी करायच्या. शाळेतून आल्या की त्या सरांसमोर बसायच्या आणि तांब्यावर बोट ठेवून म्हणायच्या, “म्हणा की. पा-णी.” सर पाटीकडे बघायचे. मग आमच्याकडे.

“ते.”

“येईल,” वहिनी म्हणायच्या. “ताईंनी सांगितलंय.”

मी दर रविवारी जायचे. एकदा सरांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि बोटानं माझ्या घड्याळावर टकटक केलं. त्यांची नजर माझ्यावरच होती. ते वेळ विचारत होते की दुसरं काही, मला अजून समजलेलं नाही. मी त्यांना वेळ सांगितली.

पाठीला जखमा झाल्या. श्रावणी भेटायला आली होती तेव्हा वहिनी त्या धूत होत्या. श्रावणीनं बघितलं आणि कापूस धरून उभी राहिली. पुढे छातीत कफ झाला. शब्द एकही परत आला नाही. पाणीसुद्धा.

सर गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही तिघं मागच्या रांगेत बसलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पुढे सरांचा फोटो, त्यात चष्मा कपाळावर सरकवलेला. वंदना झाल्यावर लोक एकेक करून बोलले. कोणी शाळेतली आठवण सांगितली, कोणी पुण्यातल्या नोकरीतली. आम्हाला विचारलं, तेव्हा आम्ही मान हलवून नाही म्हटलं.

बाहेर चपला शोधताना इरफान म्हणाला, “सर बोलले होते ना, त्या केमच्या बाईची चूक नव्हती म्हणून.”

“ती लांब होती,” श्रावणी म्हणाली. “आपण जवळ होतो.”

त्यानंतर आम्ही तिघं एकत्र बसलो नाही. इरफान पुण्याला गेला. श्रावणी आता खरोखरच चादरींची डिझाइनं करते. आम्ही बसायचो त्या हॉलमध्ये आता दुपारी वरच्या शिकवणीचा एक वर्ग भरतो. वहिनींच्या घरात पाट्या अजून आहेत. कोणी पाहुणं आलं की दारावरचं ‘दार’ वाचतं आणि वहिनींच्या शाळेचं काहीतरी असेल असं समजतं.

दवाखान्याचं बिल मोठं होतं, म्हणून वहिनींनी गेम बंगळूरच्या त्या कंपनीला दिला. त्यांनी बटण ठेवायचीही तसदी घेतली नाही. दुखापती सरळ काढून टाकल्या. लाल पट्टी परत आली आहे, संगीत परत आलं आहे. पाय मोडत नाही. सरांची चाल त्यात नाही; सगळेजण सरळ चालतात. फक्त डोक्याचा मार त्यांनी ठेवला, कारण खेळणाऱ्यांना तो आवडला. माणूस पडतो, नावं जातात, सगळीकडे ‘ते’ दिसतं. मग तो निजतो, उठतो, आणि ओढ्यावर ‘पाणी’ असं लिहिलेलं दिसतं. सरांच्या जखमांपैकी ती एकच आता त्यात आहे. ती बरी होते.